लीन पद्धत कारखान्याबाहेर, म्हणजे रुग्णालयात, हॉटेलात किंवा दुकानात चालते का?

चालते. लीन म्हणजे कामात वाया जाणारा वेळ, साठा आणि मेहनत कमी करत जाण्याची पद्धत. ग्राहकाने उचलला तेवढाच माल पुन्हा भरायचा, हा तिचा गाभाच मुळी टोयोटाच्या ताइइची ओहनो यांनी अमेरिकेतील सुपरमार्केटवरून घेतला होता. मात्र वाचलेल्या वेळाचे मालक काय करणार हे आधी ठरलेले नसेल, तर ती कारखान्यातही टिकत नाही; हे मी भोसरीत अनुभवले आहे.

तेथे एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या विभागात, मी सुपरवायझर होतो आणि प्रेसमधली डाय, म्हणजे साचा, बदलायला आम्हाला अडीच तास लागत. प्रेस चालू असतानाच पुढची डाय, बोल्ट आणि पाने शेजारी आणून ठेवणे, तसेच प्रत्येक डायखाली ठरावीक जाडीचे ठोकळे बसवून सगळ्यांची उंची सारखी करणे, एवढ्यावर ते काम ४० मिनिटांत होऊ लागले. ठोकळ्यांची कल्पना एका कंत्राटी हेल्परची होती. महिन्याभरात व्यवस्थापनाने तीन हेल्पर कमी केले आणि त्यांत तोही गेला. पुढे दीड वर्ष मी तेथे होतो, पण एकाही कामगाराने सूचना दिली नाही, आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नव्हता. लीन म्हणजे माणसे कमी करणे, असे आमचे व्यवस्थापक ठामपणे सांगत. खुद्द टोयोटात १९५० साली कामगार कपातीवरून इतका तीव्र संघर्ष झाला की कंपनीचे संस्थापक किइचिरो तोयोदा यांना अध्यक्षपद सोडावे लागले, हे मी त्यांना सांगितले होते. त्यांनी ते मनावर घेतले नाही.

पुढे मेहुण्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आम्ही सकाळचे नमुने बारापर्यंत साठवण्याचे बंद करून दर अर्ध्या तासाने मशीनला लावू लागलो, तेव्हा चारला मिळणारे रिपोर्ट दीडपर्यंत मिळू लागले. मोकळ्या झालेल्या तंत्रज्ञाला घरोघरी जाऊन रक्त घेण्याचे काम दिले, आणि आज सर्वाधिक सूचना त्याच्याच असतात. म्हणून तुमचा व्यवसाय कोणताही असो, या सुधारणांमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही, असे आधी लेखी द्या.

साठा कमी करण्याचा नियम मात्र सरसकट लावू नका. रुग्णालयात सर्पदंशावरचे औषध महिनोन्महिने पडून राहिले, तरी ते ठेवलेच पाहिजे.