घराबाहेर न पडणाऱ्या मांजरीला जंत कसे होतात, आणि औषध देऊनही जुलाब का थांबत नाहीत?

आपण लिहिले आहे की, कोथरूडमधल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून दोन वर्षांची मांजर कधीच बाहेर गेलेली नाही. तरीही तीन आठवड्यांपासून तिला पातळ शी होते, शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे काहीतरी चिकटलेले दिसते, आणि औषधाच्या दुकानातून आणलेले जंताचे औषध देऊनही फरक पडलेला नाही. घरात लहान मूल असल्यामुळे आपली काळजी वाढली आहे. मी पुण्यात प्राण्यांच्या रक्ताचे आणि विष्ठेचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. उपचार पशुवैद्यच ठरवतील. परंतु आपल्या वर्णनावरून मला असे वाटते की, हे दाणे आणि हे जुलाब बहुधा दोन वेगवेगळ्या कारणांचे आहेत, आणि ती वेगळी केल्याशिवाय मांजरीला आराम पडणार नाही.

दाणे बहुतेक फीतकृमीचे, म्हणजे टेपवर्मचे, सुटून बाहेर पडलेले तुकडे असावेत. ताजे असताना ते किंचित हलतात आणि वाळल्यावर पिवळसर होतात. मांजरींमध्ये सर्वाधिक आढळणारा फीतकृमी, डिपिलिडियम कॅनायनम, पिसवांमधून येतो: पिसवेची अळी त्याची अंडी खाते, अळीची पिसू झाली तरी कृमी तिच्या पोटात राहतो, आणि अंग चाटताना मांजर ती पिसू गिळते. त्यानंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांत तुकडे दिसू लागतात. म्हणजे मांजरीला दाराबाहेर जावे लागत नाही, पिसू दाराच्या आत आली की पुरे. आणि ती जिन्यातल्या मांजरींमुळे, पाहुण्यांच्या कुत्र्याबरोबर, उंदरांच्या अंगावरून किंवा आपल्याच कपड्यांवरून येऊ शकते. पिसवेच्या अंड्यांना आणि अळ्यांना ओलावा लागतो, त्यामुळे पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात हा त्रास अधिक होतो. मांजरीच्या अंगावर पिसवा दिसत नाहीत म्हणून त्या नाहीत, असे समजू नये, कारण मांजर स्वतःला इतके चाटते की बऱ्याचशा गिळूनच टाकते. बारीक दातांच्या फणीने तिचे केस विंचरावेत आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे.

आता आपण दिलेल्या औषधाविषयी. बाटलीवरील घटक वाचा. त्यात केवळ पायरँटेल असेल, तर ते गोलकृमींवर आणि अंकुशकृमींवर काम करते, फीतकृमीवर नाही. त्यासाठी सामान्यतः प्राझिक्वांटेल दिले जाते. तेही वजन मोजून आणि पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच द्यावे. पिसवांचा बंदोबस्त त्याच वेळी केला नाही, तर योग्य औषधानंतरही काही आठवड्यांत दाणे पुन्हा दिसतील. घरातील पिसवांची बहुतेक संख्या मांजरीच्या अंगावर नसून अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत गादी, सतरंजी आणि सोफ्याच्या फटींत असते, म्हणून मांजरीचे अंथरूण गरम पाण्यात धुवावे आणि व्हॅक्युम क्लीनर काही आठवडे नियमित फिरवावा. एक गोष्ट मात्र अत्यंत गंभीरपणे घ्यावी: कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिन असलेले पिसवांचे औषध मांजरीला कधीही लावू नये, त्याने झटके येऊन मांजर दगावू शकते.

जुलाबांकडे वेगळे पाहावे लागेल, कारण हा फीतकृमी प्रौढ मांजरीला सहसा तीन आठवडे जुलाब करत नाही. अन्न एकदम बदलले आहे का, तिला दूध दिले जाते का, हे आधी पाहावे. पुष्कळ प्रौढ मांजरींना दुधातील साखर पचत नाही, तरी मांजरीची वाटी म्हणजे दुधाचीच वाटी, हा समज आपल्या घरांतून अजून जात नाही. ती एखाद्या गर्दीच्या निवाऱ्यातून आणलेली असेल, तर जिआर्डिया किंवा ट्रायट्रायकोमोनास हे एकपेशीय परजीवीही शक्य आहेत. नेहमीची जंताची औषधे ट्रायट्रायकोमोनासवर चालत नाहीत.

म्हणून दुसरे औषध देण्याआधी विष्ठा तपासून घ्यावी. बोराएवढा ताजा नमुना, वाळूचे खडे न येऊ देता, स्वच्छ झाकणाच्या डबीत घेऊन त्याच दिवशी पोहोचवावा. अंडी पाहण्यासाठी विष्ठा दाट द्रावणात कालवतात, म्हणजे हलकी अंडी वर तरंगतात आणि काचपट्टीवर घेता येतात. फीतकृमीची अंडी मात्र तुकड्यांत बंद असल्यामुळे या पद्धतीत अनेकदा सापडत नाहीत. अहवालात ‘जंत आढळले नाहीत’ असे आले तरी आपण पाहिलेले दाणे खोटे ठरत नाहीत. तो दाणाही वेगळ्या डबीत आणावा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याची ओळख लगेच पटते. जिआर्डिया रोज विष्ठेतून बाहेर पडत नाही, त्यामुळे एकाआड एक दिवसाचे तीन नमुने द्यावे लागू शकतात. ट्रायट्रायकोमोनासची शंका असेल तर नमुना फ्रिजमध्ये ठेवू नये, थंडीत हा परजीवी मरतो.

दरम्यान तिला उपाशी ठेवू नका. मीठ, मसाला न घातलेले उकडलेले चिकन थोडे थोडे, दिवसातून अनेकदा द्यावे आणि पाणी भरपूर ठेवावे. जंतांवर उपाय म्हणून लसूण देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ठामपणे नाकारा, कारण लसूण आणि कांदा मांजरीच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्याही देऊ नयेत.

मुलाच्या बाबतीत धोका कमी आहे, पण शून्य नाही. डिपिलिडियम माणसाला फक्त पिसू गिळल्यानेच होतो आणि तसे क्वचित घडते. मांजरीच्या गोलकृमीची अंडी विष्ठेतून पडल्यावर संसर्गक्षम व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे ट्रे रोज साफ केला आणि मुलाला त्याच्यापासून दूर ठेवले, की मोठा भाग साधतो.

शीमध्ये रक्त दिसले, शी डांबरासारखी काळी झाली, उलट्या थांबेनात, किंवा तिने दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. शेपटीखाली किंवा जिभेखाली दोरा दिसला तर तो ओढू नये, आतडे कापले जाऊ शकते. जाताना आधी दिलेल्या औषधाची बाटली आणि मांजरीचे वजन, दोन्ही सोबत न्यावे.