आधी उलटी, मग कळ

प्रश्न : डॉक्टर, माझे दीर ४८ वर्षांचे आहेत. लग्नाच्या जेवणावरून आल्यावर त्यांना रात्री जोराच्या उलट्या झाल्या आणि छातीत जीवघेणी कळ आली. ईसीजी ठीक निघाला, तरी हृदयाचंच असेल म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅननंतर 'अन्ननलिका फाटलीय' म्हणाले. लगेच ऑपरेशन झालं. आज पाचवा दिवस. पोटातल्या नळीतून अन्न देतात. नुसत्या उलटीनं अन्ननलिका फाटते? पहिल्या डॉक्टरांच्या लक्षात यायला नको होतं का? आणि ते सारखे चहा मागतात. चमचाभर दिला तर?

उत्तर : फाटते, ताई. उलटीचा लोंढा वर येतो आणि घशाकडचं दार वेळेवर उघडत नाही. मग सगळा दाब अन्ननलिकेवर येतो आणि खालच्या टोकाशी, बहुधा डाव्या बाजूला, उभी चीर जाते. तिथून अन्न, लाळ, आम्ल थेट छातीत उतरतं.

या आजाराला बोअरहाव्ह या डच डॉक्टरांचं नाव आहे. १७२३ मध्ये डच अ‍ॅडमिरल वासेनार यांनी भरपेट जेवणानंतर उलटीचं औषध घेतलं आणि आत काहीतरी फाटल्याचं सांगत दुसऱ्या दिवशी ते गेले. बोअरहाव्ह यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा छातीतून खाल्लेल्या बदकाचा वास आला.

मला वास नाही, शितं दिसली. तेव्हा मी रजिस्ट्रार, म्हणजे तज्ज्ञ व्हायला शिकणारा डॉक्टर होतो. रात्रपाळीत आलेल्या एका पेशंटच्या डाव्या छातीत पाणी दिसलं, म्हणून मी केसपेपरवर 'न्यूमोनिया' लिहिलं. पहाटे छातीत नळी टाकली. वॉर्डातले मामा बाटली बदलता बदलता थबकले : "डॉक्टर, छातीत भात कसा?" चार-पाच शितं आणि मोहरीचा एक दाणा तरंगत होता. त्याची बायको रात्री दारातच सांगत होती, 'आधी ओकला, मग दुखायला लागलं.' मी ऐकलं होतं, पण लिहिलं नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांनी आधी हृदय तपासलं, यात चूक नाही. हार्ट अटॅकमध्येही उलटी होते, पण तिथे बहुधा दुखणं आधी येतं. ईसीजी ठीक आल्यावर मात्र हा क्रम विचारायला हवा होता, असं माझं मत. गळ्याच्या कातडीवर बोट दाबून पाहायचं. खाली हवा शिरली असेल तर करकरतं. नाही करकरलं म्हणून आजार नाही, असं मात्र नव्हे. एक्स-रेत छातीत पाणी किंवा हवा दिसू शकते. खात्री सीटीनं किंवा पाण्यात विरघळणारा, एक्स-रेत दिसणारा डाय पाजून होते.

चोवीस तासांच्या आत टाके घातले तर निकाल बरा लागतो. नंतर कडा सुजतात, टाके धरत नाहीत, मग स्टेंट (चीर आतून झाकणारी जाळीची नळी) आणि छातीतल्या नळ्यांवर भागवावं लागतं. सोबत शिरेतून अँटिबायोटिक आणि तोंड पूर्ण बंद. तुमच्या दिरांची नळी लहान आतड्यात असणार, म्हणजे अन्न टाक्यांना शिवत नाही.

तेव्हा चहा नको, चमचाभरही नको. साधारण आठवड्याभरानं डाय पाजून फोटो काढतात. गळती नसली तर आधी पाण्याचे घोट, मग चहा. तोवर ओल्या कापसानं ओठ पुसा. आणि त्यांच्यासमोर तुम्हीही चहा पिऊ नका.