औषध घेण्याच्या निरनिराळ्या प्रकारांना मराठीत कोणते शब्द आहेत, आणि सगळीकडे ‘घेणे’ वापरले तर चालते का?

बोलताना चालते, लेखी सूचनेत मात्र चालवू नये, असे माझे मत आहे. ‘औषध घेणे’ हा मराठीतील सर्वांत व्यापक प्रयोग असून त्यात गोळीपासून इंजेक्शनपर्यंत सारे सामावते, परंतु औषध शरीरात कोणत्या वाटेने आणि कोणत्या रीतीने जायचे आहे हे तो सांगत नाही. ते काम मराठीत बहुतेक वेळा त्या त्या औषधाचे विशिष्ट क्रियापद करते. म्हणून औषधांच्या नावांची यादी जमवण्यापेक्षा आधी त्यांच्यासोबत येणारी क्रियापदे पाहावीत.

गोळीचेच उदाहरण घेऊ. बोलण्यात आपण गोळी ‘खातो’ किंवा ‘घेतो’, पण ती गिळायची, चघळायची, चावून खायची, पाण्यात विरघळवून प्यायची की जिभेखाली ठेवायची, यावर तिचा परिणाम अवलंबून असतो. हृदयविकारामुळे छातीत कळ आल्यावर दिली जाणारी नायट्रोग्लिसरिनची गोळी जिभेखाली ठेवतात, कारण तेथील पातळ अस्तरातून औषध थेट रक्तात उतरते; तीच गिळली तर यकृतातून जाताना औषधाचा मोठा भाग निकामी होतो. याउलट, औषध कित्येक तास हळूहळू सुटत राहावे अशा रीतीने बनवलेली गोळी चावली किंवा कुटली, तर सगळे औषध एकदम सुटून अपाय होऊ शकतो. अशा गोळीच्या वेष्टनावर नुसते ‘घ्यावी’ असे छापणे मला अपुरे वाटते; ‘न चावता, न फोडता पाण्याबरोबर गिळावी’ एवढे तरी हवेच.

पातळ औषध आपण पितो, पण लहान मुलाला किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला ते ‘पाजतो’. घट्ट औषध, म्हणजे चाटण किंवा अवलेह, ‘चाटतात’ आणि मुलांना ‘चाटवतात’. मात्रा किंवा बाळगुटी आधी सहाणेवर ‘उगाळावी’ लागते, आणि तिचे प्रमाण चमच्याऐवजी उगाळण्याच्या वेढ्यांत मोजण्याची पद्धत आहे. चूर्णाची ‘फक्की मारतात’ आणि वरून पाणी पितात. तेच मधात कालवले की चाटण होते. ज्या पदार्थाबरोबर किंवा ज्याच्या मागून औषध घ्यायचे, त्या मध, तूप, कोमट पाणी यांसारख्या पदार्थाला ‘अनुपान’ म्हणतात. या एका शब्दासाठी एरवी अख्खे वाक्य खर्च करावे लागते, त्यामुळे तो नेहमीच्या वापरात राहावा अशी माझी इच्छा आहे.

आयुर्वेदाची परिभाषा याहून बारीक आहे. एकाच वनस्पतीपासून स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच मूळ कल्पना, म्हणजे औषधाची रूपे, होतात: पिळून काढलेला रस तो स्वरस, वाटून केलेला गोळा तो कल्क, उकळून आटवलेला तो क्वाथ म्हणजेच काढा, थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला तो हिम, आणि गरम पाणी ओतून थोड्या वेळाने गाळलेला तो फांट. व्यवहारात आपण उकळलेल्या कशालाही काढा म्हणून मोकळे होतो, पण काढ्याचे एक रूढ शास्त्रीय प्रमाण औषधाच्या सोळा पट पाणी घालून ते एक अष्टमांश उरेपर्यंत आटवण्याचे आहे. आसव आणि अरिष्ट ही दोन्ही आंबवलेली औषधे असतात. सामान्यतः काढा करून आंबवलेले ते अरिष्ट आणि न उकळता आंबवलेले ते आसव.

बाहेरून वापरायच्या औषधांत ‘लावणे’ आणि ‘चोळणे’ यांची गल्लत फार होते. मलम जखमेवर हलक्या हाताने लावतात, तेल सांध्यांवर चोळून जिरवतात, लेप जाडसर देतात पण चोळत नाहीत, आणि पोटीस गरम असतानाच बांधतात. डोळ्यांत थेंब आणि अंजन ‘घालतात’, कानात आणि नाकात थेंब ‘सोडतात’. घशासाठी ‘गुळण्या करतात’, वाफारा ‘घेतात’, धुरी ‘देतात’. दम्याच्या इनहेलरमधील औषध ‘हुंगणे’ हा प्रयोग मी काही ठिकाणी वाचला आहे आणि तो मला चुकीचा वाटतो, कारण हुंगण्याचा संबंध नाकाशी व वासाशी येतो. येथे औषध तोंडावाटे श्वासाबरोबर आत ‘ओढायचे’ आणि काही क्षण श्वास रोखून धरायचा असतो.

इंजेक्शन ‘देतात’ किंवा ‘टोचतात’. ते शिरेत, स्नायूत की त्वचेखाली, हे वेगळे सांगावे लागते. लस मात्र नेहमी टोचलीच जाते असे नाही: पोलिओची तोंडावाटे द्यायची लस ‘पाजतात’. सलाईन म्हणजे मुळात मिठाचे पाणी, पण शिरेतून थेंबथेंब जाणारी साखरेच्या पाण्याची बाटली असली तरी आपण ‘सलाईन लावले’ असेच म्हणतो, आणि बोलीत ते आता पक्के रुजले आहे. रुग्णाच्या कागदपत्रांत मात्र बाटलीत काय होते ते स्पष्ट लिहावे.

तुम्ही सूचनापत्रक लिहीत असाल, तर बस्ती (गुदद्वारातून पातळ औषध आत सोडणे), नस्य (नाकात औषध सोडणे), वर्ती (गुदद्वारात सरकवायची औषधाची वात) हे शब्द वैद्यांसाठी ठेवावेत. सामान्य वाचकासाठी ‘नाकात दोन थेंब सोडावेत’ किंवा ‘ही गोळी गिळू नये, गुदद्वारातून आत सरकवावी’ असे लिहिणे अधिक सुरक्षित आहे. कॅप्सूलसाठी ‘कुपी’ हा शब्द सुचवला जातो, पण इंजेक्शनच्या औषधाच्या लहान बाटलीलाही कुपीच म्हणतात, तेव्हा तेथे सरळ ‘कॅप्सूल’ लिहावे.