दफनाऐवजी दहन का?

प्रश्न : ज्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या दफनाची रीत होती, तेथेही आता बरेच लोक दहन पसंत करतात, असे वाचनात आले. जागेची टंचाई हेच याचे कारण आहे काय?

उत्तर : जागेची टंचाई हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. ते निर्णायक ठरल्याचे उदाहरण जपानचे. दहन ही बौद्धांची प्रथा म्हणून मेईजी सरकारने १८७३ साली तिच्यावर बंदी घातली; परंतु शहरांतील दफनभूमी अपुऱ्या पडू लागल्या आणि १८७५ मध्येच ती बंदी मागे घ्यावी लागली. आज तेथे ९९ टक्क्यांहून अधिक मृतांचे दहन होते. अमेरिका आणि कॅनडा या देशांना मात्र जमिनीची वाण नाही, तरीही तेथे दहनाने दफनाला मागे टाकले आहे.

युरोपात दहनाचा आधुनिक पुरस्कार प्रथम डॉक्टरांनी केला. इटालियन प्राध्यापक ब्रुनेत्ती यांनी १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात मांडलेली दाहभट्टीची प्रतिकृती पाहून राणी व्हिक्टोरियाचे शल्यविशारद सर हेन्री थॉम्पसन यांनी पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये दहनाच्या प्रचारासाठी संस्था स्थापन केली. गच्च भरलेल्या दफनभूमींमुळे जिवंतांच्या आरोग्याला धोका पोचतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. १८८४ मध्ये विल्यम प्राइस या वेल्समधील विक्षिप्त डॉक्टरावर आपल्या तान्ह्या मुलाचा देह जाळू पाहिल्याबद्दल खटला भरला गेला, तेव्हा इतरांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा ठरत नाही, असा निर्वाळा न्यायाधीशांनी दिला. १८८५ साली वोकिंग येथील दहनगृह सुरू झाले, आणि त्या वर्षभरात तेथे दहने झाली तीन! १९०२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, तरी ब्रिटनमध्ये दहनांची संख्या दफनांहून अधिक व्हायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली. आरोग्याचा मुद्दा सुशिक्षितांना लवकर पटला असेल, पण आपल्या माणसाला निरोप देताना घरची मंडळी आरोग्यशास्त्राचा विचार करत नाहीत, असाच याचा अर्थ मी लावतो.

धर्माची आडकाठी दूर होणे अधिक महत्त्वाचे होते. कॅथलिक चर्चने १८८६ मध्ये निषिद्ध ठरवलेल्या दहनाला १९६३ मध्ये मुभा दिली. मात्र रक्षा विखरू नये, घरीही ठेवू नये, पवित्र स्थळीच ठेवावी, असे २०१६ मध्ये पुन्हा बजावले. इस्लाममध्ये आणि सनातनी ज्यू परंपरेत दहन आजही निषिद्ध आहे, त्यामुळे तेथे निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही.

परवानगी मिळाल्यावर लोक तिकडे वळले ते का? खर्च कमी, हे उत्तर बहुधा पहिले येते आणि ते चुकीचे नाही, कारण दफनाला जागा, पेटी, शिळा आणि पुढची देखभाल लागते. माझ्या मते मात्र खरी गोष्ट त्या देखभालीतच दडलेली आहे. कबरीला तिच्याकडे येणारे कुणीतरी हवे असते. मुले एका शहरात, नातवंडे दुसऱ्या देशात, अशी कुटुंबाची पांगापांग झाली की तिच्यावरचे गवत कुणी काढायचे, हा प्रश्न मरणाऱ्यालाच आधी पडतो, आणि ‘मागच्यांवर भार नको’ या भावनेतून तो दहनाची इच्छा सांगून ठेवतो. रक्षा थांबू शकते. सगळे जमेपर्यंत स्मरणविधी लांबणीवर टाकता येतो, ती वाटून घेता येते किंवा सोबत नेता येते. शिवाय चिरविश्रांतीची जागा तरी चिरकाल कुठे असते? जर्मनीसारख्या देशात कबरीची जागा साधारण वीस-तीस वर्षांसाठीच मिळते आणि मुदत वाढवली नाही, तर ती दुसऱ्याला दिली जाते.

प्रश्न : दहन पर्यावरणाच्या दृष्टीने अधिक चांगले असते काय?

उत्तर : निःशंकपणे तसे म्हणता येत नाही. दाहभट्टीत साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमान दीड-दोन तास राखण्यासाठी बरेच इंधन लागते आणि दातांत भरलेल्या मिश्रधातूतील पारा वाफ होऊन धुराड्यात जातो, म्हणून अनेक ठिकाणी गाळणयंत्रणा बसवतात. (पेसमेकर आधीच काढावा लागतो, कारण उष्णतेने त्याचा स्फोट होतो.) दुसरीकडे, देह टिकवण्यासाठी फॉर्मॅल्डिहाइड टोचून, भारी लाकडाच्या पेटीत घालून काँक्रीटच्या कोठीत पुरणे हेही निसर्गस्नेही नव्हे. आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या देहासाठी अल्कलीयुक्त गरम पाण्याने विघटन करण्याची पद्धत वापरली गेली, तिला ज्वाळा लागत नाहीत.

प्रश्न : दहनाची इच्छा लिहून ठेवली, तर ती वारसांवर बंधनकारक असते काय?

उत्तर : हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये ती बंधनकारक नाही, आणि हे ठरले तेही दहनाच्याच एका खटल्यात. एका गृहस्थाने आपल्या देहाचे दहन करण्याचे काम मृत्युपत्राच्या पुरवणीद्वारे एका मैत्रिणीवर सोपवले होते. कुटुंबाने त्याला पुरले. तिने दुसरीकडे पुरण्याचे कारण सांगून तो देह उकरून काढण्याचा परवाना मिळवला, तो मिलानला नेऊन त्याचे दहन केले आणि झालेला खर्च मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांकडे मागितला. मृतदेह ही कुणाची मालमत्ता नसते, त्यामुळे त्याविषयीचे आदेशही मृत्युपत्राने देता येत नाहीत, असे म्हणत न्यायालयाने १८८२ साली तिचा दावा फेटाळला.