कृष्णविवरांच्या जोडीचे गणित सोडवायला क्वांटम क्षेत्र सिद्धांत कशासाठी?

एकमेकांभोवती फिरणाऱ्या, सूर्याहून जड अशा दोन वस्तूंच्या (कृष्णविवरे किंवा न्यूट्रॉन तारे) गतीत क्वांटम परिणाम नगण्य असताना क्वांटम क्षेत्र सिद्धांताच्या, म्हणजे सूक्ष्म कणांच्या भौतिकीच्या, पद्धती का वापरतात, असे आपण विचारले आहे. या गणितात क्वांटम गुरुत्व कुठेही नसते. तिथून घेतलेली असते ती फक्त हिशेबाची रीत, आणि माझ्या मते ती घेण्याचे खरे कारण अनंत राशींचा निकाल लावणे हे आहे.

प्रत्येकी १.४ सौर वस्तुमानाचे दोन न्यूट्रॉन तारे घ्या. त्यांच्या गुरुत्वीय लहरींची वारंवारता १०० हर्ट्झ असते तेव्हा ताऱ्याची त्रिज्या साधारण १२ किलोमीटर, दोघांमधील अंतर सुमारे १५५ किलोमीटर आणि लहरीची लांबी ३००० किलोमीटर असते. ही तीन मापे एकमेकांपासून इतकी दूर आहेत की प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्रपणे मांडता येतो, आणि तो पद्धतशीरपणे कसा मांडावा हे गोल्डबर्गर आणि रॉथस्टीन या भौतिकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवले. त्यांच्या मांडणीत तारा बिंदुवत मानतात आणि त्याची अंतर्रचना मोजक्या सहगुणकांत सामावून घेतात. भरती-ओहोटीसारख्या ताणाने तारा किती विरूप होतो हे सांगणारा सहगुणक न्यूटनच्या नियमातून येणाऱ्या मुख्य पदाच्या तुलनेत ताऱ्यांचा वेग आणि प्रकाशवेग यांच्या गुणोत्तराच्या दहाव्या घाताला प्रथम येतो.

मात्र वस्तू बिंदुवत मानली की तिचे स्वतःचे क्षेत्र तिच्याच जागी अनंत होते. जुन्या पद्धतीत याच अडचणीमुळे न्यूटनच्या पदात याच गुणोत्तराच्या वर्गाच्या घातांनी एकेक दुरुस्ती जोडत जाणाऱ्या विस्ताराच्या तिसऱ्या पायरीवर एक सहगुणक अनिश्चित राहिला होता. कणभौतिकीत अवकाशाच्या मितींची संख्या तीनऐवजी किंचित वेगळी धरून अशा अनंत राशी हाताळण्याची रीत आधीपासून होती. तीच वापरून दामूर, यारानोव्स्की आणि शेफर यांनी २००१ मध्ये त्या सहगुणकाची किंमत निश्चित केली. परस्परक्रियांचा हिशेब चित्ररूपाने मांडणाऱ्या, त्याच सिद्धांतातून घेतलेल्या फाइनमन आकृत्यांपेक्षा मला हे योगदान अधिक मोलाचे वाटते, कारण आकृत्यांनी काम सुटसुटीत होते, पण इथे उत्तरच अडले होते.

पुढे २०१९ मध्ये बर्न आणि सहकाऱ्यांनी कण एकमेकांवर येऊन विखुरण्याच्या गणितातून दोन वस्तूंमधील गुरुत्वाचे अभिजात (क्वांटम परिणाम वगळलेले) विभव गुरुत्व स्थिरांकाच्या तिसऱ्या घातापर्यंत काढले. एवढ्या काटेकोरपणाची गरज निरीक्षणांतून येते: २०१७ मध्ये टिपलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या संकेतात सुमारे ३००० आवर्तने होती, आणि गोंगाटातून असा संकेत वेचण्यासाठी त्याच्याशी ताडून पाहायचा सैद्धांतिक साचा शेवटच्या आवर्तनापर्यंत जुळून राहावा लागतो.