पोच घेतली का?

(मोबाइल, रिचार्ज आणि बँकेच्या मेसेजच्या अडचणींवर वाचकांची पत्रं आणि अंबाजोगाईच्या एका दुकानदार ताईंची उत्तरं)

नवीन वाचकांसाठी आधी थोडं सांगते. माझं दुकान अंबाजोगाईला. आज तिथं मोबाइलची दुरुस्ती आणि रिचार्ज होतं, पण सुरुवातीला ते एसटीडी-पीसीओ होतं, म्हणजे पैसे देऊन बाहेरगावी फोन लावायचा बूथ. रात्री अकरानंतर दर उतरायचा, तेव्हा बाहेर रांग लागायची. बूथमध्ये डोळ्यासमोर मीटर असायचं. पल्स पडली की आकडा वाढायचा, रिसीव्हर ठेवला की चिठ्ठी निघायची. अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धा ती चिठ्ठी मुठीत धरून हिशेब विचारायची, जास्त वाटलं तर माझ्याशी भांडायची. ते भांडण आता कोणी करत नाही. पैसे कटतात, नंबर बंद होतो, आणि माणसं ‘आपल्यालाच यातलं कळत नाही’ म्हणून मान खाली घालून काउंटरवरून परत जातात. मला ते बघवत नाही, म्हणून हे सदर लिहिते.

पत्र पहिलं

*ताई, आम्ही नवराबायको दसरा झाला की तोडीला जातो. मागच्या हंगामात जुनं कार्ड घरी डब्यात ठेवून गेलो, तिकडं दुसरं घेतलं. पट्टा पडल्यावर, म्हंजी हंगाम संपल्यावर आलो तर जुनं कार्ड बंद. कामाच्या नादात तसंच राहिलं. आता पोरीच्या शिष्यवृत्तीसाठी बँकेत गेलो तर ओटीपी मागतात, आन् तो जातो जुन्या नंबरावर. लावून बघितला तर कोण्या भलत्याच बाईनं उचलला. बायकोचे तर ठसेच उमटत नाहीत. तीन चकरा झाल्या. काय करावं?*
— ऊसतोड मजूर, ता. धारूर

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहून पहाटे चारला उसाच्या फडात उतरणाऱ्या माणसानं दोन-दोन कार्डांचे रिचार्ज कसे सांभाळायचे? चूक तुमची नाही. हे तुम्हाला कार्ड घेतानाच कोणीतरी सांगायला हवं होतं.

नियम असा आहे: सलग ९० दिवस त्या कार्डावरून ना फोन, ना मेसेज, ना नेट, असं काहीच झालं नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. पण प्रीपेडच्या मूळ शिल्लकेत किमान २० रुपये असले तर ते २० कापून नंबर आणखी ३० दिवस राखून ठेवतात. मूळ शिल्लक म्हणजे टॉकटाइमचे पैसे, पॅकचे नव्हेत. म्हणून पुढच्या वेळी जाताना घरी राहणाऱ्या कार्डात टॉकटाइम टाकून जा. शिवाय घरी मागं राहणाऱ्या माणसाला सांगून ठेवा, महिन्यातून एकदा त्यावरून फोन लावायचा. इनकमिंग बंद होणं वेगळं आणि नंबर कायमचा जाणं वेगळं. इनकमिंग रिचार्ज केल्यावर सुरू होतं. नंबर एकदा दुसऱ्याच्या नावावर चढला की परत मिळत नाही. त्या बाईंचाही काही दोष नाही, त्यांनी तो रीतसर घेतलाय. त्यांच्याशी वाद घालू नका.

आता काय करायचं ते सांगते. आधी बँक, मग आधार, कारण पैसा बँकेत आहे आणि त्याचे मेसेज परक्या फोनवर जातायत. शाखेत साध्या कागदावर अर्ज द्या: ‘माझा जुना नंबर बंद झाला आहे, तो खात्यावरून काढावा, हा नवीन जोडावा.’ जुना नंबर काढावा, हे शब्द नक्की लिहा. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती घरी आणा. ही तुमची पोच. काउंटरवरचे ‘ठेवून जा, करतो’ म्हणाले तर तिथंच थांबा. पोच मागणं हा उद्धटपणा नाही.

मग आधार केंद्र. मोबाइल नंबर बदलायला कुठलंच कागदपत्र लागत नाही, फक्त स्वतः जावं लागतं. फी ७५ रुपये. बोटांचे ठसे नव्याने द्यायचे असतील तर १२५. दोन्हींची छापील पावती मिळते, तिच्यावर रक्कम असते. माझ्याकडं येणाऱ्या बाया तीनशे दिले, चारशे दिले म्हणतात. पावती विचारली की गप्प होतात. पावतीवर आहे तेवढेच पैसे द्यायचे.

वहिनींच्या ठशांचं दुखणं आमच्या भागात घरोघरी आहे. कोयत्यानं, उसाच्या पाचटानं, धुण्याच्या सोड्यानं बोटाच्या रेषा झिजतात. माझ्या शेजारच्या मावशी तर ठसा द्यायच्या आधी बोटाला खोबरेल लावून बसतात. ठसा नाही जुळला तर डोळ्याची बाहुली किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. ती सोय इथं नसेल तर कुठं आहे, एवढं विचारा. रेशनबद्दल तर सरकारच्या स्पष्ट सूचना आहेत की, केवळ ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारायचं नाही.

एक गोष्ट मात्र काळजीनं सांगते. गावातल्या यंत्रावर अंगठा देऊन पैसे काढताना ‘जुळला नाही, परत ठेवा, अजून एकदा ठेवा’ असं कोणी म्हणालं तर प्रत्येक वेळची चिठ्ठी मागा. व्यवहार फसला तरी चिठ्ठी निघते. गेल्या पावसाळ्यात एक निराधार आजी माझ्या दुकानात आल्या. तीनदा अंगठा ठेवला, हातात पैसे आले एकदाच. पासबुक भरून आणलं तर दोनदा कटलेले. चिठ्ठी एकही नव्हती. ते पैसे परत मिळवायला आम्हाला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत आजींनी गोळ्या उधारीवर आणल्या. ज्यांना अंगठ्यानं पैसे काढायचेच नाहीत त्यांनी आधारचे ठसे कुलूपबंद करून ठेवावेत. आधारच्या ॲपवर ती सोय आहे, चौकशीसाठी नंबर १९४७.

आणि मुकादमाकडं उचल घेताना आधारची झेरॉक्स दिली असेल तर तुमच्या नावावर किती कार्डं चालू आहेत तेही बघून घ्या. सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की यादी दिसते. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर ‘हा माझा नाही’ असं तिथंच कळवता येतं. कोणी लिहिता-वाचता पोरगा शेजारी बसवा, पण ओटीपी स्वतः टाका.

पत्र दुसरं

*मी लातूरला नीटच्या क्लाससाठी राहतो. मेसचे २,८०० रुपये मेसवाल्या काकांच्या क्यूआरवर टाकले. माझ्या खात्यातून गेले, त्यांना आले नाहीत. चार दिवस झाले. काका रोज विचारतात. घरी सांगायची भीती वाटते. नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, ते म्हणाले एक ॲप टाका.*
— विद्यार्थी, लातूर

बाळा, ते ॲप टाकू नकोस. टाकलं असशील तर आत्ता काढ, पिन बदल आणि बँकेला कळव. नेटवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’ नंबर बऱ्याचदा चोराचाच असतो. नंबर घ्यायचा तो पासबुकावरचा, एटीएम कार्डाच्या मागचा, नाहीतर ॲपच्या आतला.

तुझे पैसे बुडालेले नाहीत. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. माणसानं माणसाला पाठवलेले यूपीआयचे पैसे अडकले तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही तू न मागता बँकेनं जमा करायची असते. काकांचा क्यूआर दुकानाचा असेल तर तुझा पाचवा दिवस उद्या आहे. साधा असेल तर मुदत केव्हाच उलटली.

ॲपमध्ये तो व्यवहार उघड. बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतःचा क्रमांक, दिसेल. तो वहीत लिही, स्क्रीनशॉट काढ, तिथूनच तक्रार नोंदव आणि तक्रार क्रमांकही लिही. मग तोच यूटीआर घालून बँकेला ईमेल कर. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, फी लागत नाही, चौकशीचा नंबर १४४४८. इतक्या लांब जायची वेळ तुझ्यावर येणार नाही असं मला वाटतं.

काकांना यूटीआर दाखव. रोज हिशेब करणारा माणूस आहे, त्यांना समजेल. आणि आज संध्याकाळी घरी फोन कर. २,८०० रुपयांपायी तुझा अभ्यास चुकतोय हे वडिलांना कळलं तर त्यांना जास्त वाईट वाटेल.

पत्र तिसरं

*आमच्या शाळेतल्या बाईंच्या व्हॉट्सॲपवरून लग्नपत्रिका आली. उघडली तर काहीतरी इन्स्टॉल झालं. तासाभरात माझ्या नावानं तीच पत्रिका सगळ्या ग्रुपवर गेली. खात्यातून अजून काही गेलेलं नाही. फोन वापरू का?*
— शिक्षिका, हिंगोली

ताई, फोन लगेच विमान मोडवर टाका. मासिक हातात पडेपर्यंत वेळ जाईल म्हणून हे मी तुम्हाला फोनवरही सांगितलंय, इथं बाकीच्यांसाठी लिहिते.

पत्रिका म्हणजे फोटो, पीडीएफ नाहीतर व्हिडिओ. ती कधीच ‘इन्स्टॉल करू का’ विचारत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे, आणि ते तुमचे मेसेज वाचतं, म्हणजे ओटीपी वाचतं. हीच फाइल गाडीच्या दंडाच्या चलनाच्या नावानं येते, पीएम किसानच्या नावानंही येते. ओळखीच्या नंबरावरून येते, म्हणून तर माणसं फसतात.

विमान मोडनंतर घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. जितक्या लवकर तितकं बरं, कारण पैसा पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता येतो. तिथं मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मग ते ॲप काढा, कॉल फॉरवर्डिंग चालू नाही ना ते सेटिंगमध्ये बघा, फोटो दुसरीकडं उतरवून फोन पूर्ण रिसेट करा आणि सगळे पासवर्ड बदला. बँकेच्या मेसेजबद्दलही एक खूण सांगते. खरा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि इंग्रजी एस, टी, पी किंवा जी हे अक्षर असतं: एस सेवेचा, टी व्यवहाराचा, पी जाहिरातीचा, जी सरकारी.

ग्रुपवर ‘माझ्या नावानं आलेली पत्रिका उघडू नका’ असं तुम्ही लगेच टाकलंत, हे फार चांगलं केलंत. लाजेनं गप्प बसणारे तीनजण मला याच महिन्यात भेटले, आणि त्यांच्या फोनवरून ती फाइल पुढं जात राहिली.

पत्र चौथं

*मोबाइलची पाठ फुगलीय. स्क्रीन एका बाजूनं उचलली. चालतो मात्र नीट. मोटारसायकलच्या हँडलला लावून फिरतो.*
— दूध संकलन करणारा, ता. गेवराई

भाऊ, चालतो नीट म्हणून वापरू नका. बॅटरीत वायू धरलाय. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. बंद करून दुरुस्तीवाल्याकडं न्या, बॅटरी बदलली की फोन बहुतेक वाचेल. आपल्याकडं मे महिन्यात सावलीत बेचाळीस असतं. उन्हातल्या हँडलवरच्या काळ्या फोनचं काय होत असेल? रस्ता पाठ आहे तुम्हाला, फोन खिशात ठेवा.

पत्र पाचवं

*आई गावी एकटी असते. साधा बटणाचा फोन. नेट वापरत नाही तरी नेटचाच पॅक मारावा लागतो, तोही २८ दिवसांचा. विसरलं की फोन बंद, आणि मला इथं जीव थाऱ्यावर राहत नाही.*
— नोकरदार, मूळ उदगीर, सध्या छत्रपती संभाजीनगर

२८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. हे मी गिऱ्हाइकाला कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवते. तुमच्या आईसाठी मार्ग आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे मोबाइल कंपन्यांना नियम घालून देणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना सांगितलं की, ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि मेसेजचा पॅक ठेवलाच पाहिजे, आणि अशा खास पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. जानेवारी २०२५ पासून ते पॅक आले आहेत. ते ॲपमध्ये खाली दडलेले असतात आणि बऱ्याच दुकानदारांना माहीत नसतात. दुकानात असंच म्हणा: ‘नेट नको, फक्त व्हॉइसचा, सगळ्यात लांब मुदतीचा दाखवा.’ संपायची तारीख आईच्या घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा, आणि तुमच्या फोनमध्ये आठ दिवस आधीचा गजर लावा.

त्यांना माझा नमस्कार सांगा. कोणत्या पॅकवर किती गेले ते कळवा, मी इथल्या गिऱ्हाइकांना सांगीन.

पुढच्या अंकासाठी पत्रं पाठवताना एक विनंती. पत्रात पिन, ओटीपी, पूर्ण आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक लिहू नका. या वेळी तीन पत्रांत होते. ते आकडे मी काळ्या पेनानं खोडून टाकले आहेत, त्या तिघांनी आपले पिन आजच बदलावेत.