वाचकांचे प्रश्न : आपल्याच साहेबावर उठलेली बंदूक

व्हिएतनाम युद्धावरच्या मागच्या अंकातल्या लेखात एक वाक्य होतं : शेवटच्या काही वर्षांत अमेरिकन अधिकाऱ्यांना शत्रूइतकीच आपल्याच जवानांची धास्ती वाटायची. त्या एका वाक्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पत्रांचा ढीग आला. इथे गल्लीगल्लीत कुणी ना कुणी पलटणीत आहे किंवा पेन्शनीत आहे, तेव्हा ते साहजिकच. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत. उत्तरं युद्धेतिहास आणि लष्करी कायदा यांचा अभ्यास असलेल्या आमच्या सल्लागारांची.

व्हिएतनाममध्ये असे प्रकार नेमके किती झाले? आणि मारले गेलेले अधिकारी खरोखर जुलमी होते का?
— महाविद्यालयीन शिक्षक, निपाणी

जवानांनी आपल्याच वरिष्ठांवर केलेल्या अशा हल्ल्यांची वेगळी नोंद अमेरिकन भूसेनेने १९६९ पासून ठेवली. नक्की ठरलेल्या घटना त्या वर्षी ९६, १९७० मध्ये २०९ आणि १९७१ मध्ये २२२. संशयित घटना धरल्या तर १९७१ चा आकडा ३३३ होतो. याच काळात सैन्य झपाट्याने माघारी जात होतं. एप्रिल १९६९ मध्ये तिथे सुमारे ५ लाख ४३ हजार अमेरिकन होते, १९७१ च्या अखेरीस दीड लाखाच्या आसपास उरले. म्हणजे माणसं घटली आणि हल्ले वाढले. मृत्यू मात्र १९७० मध्ये ३४ आणि १९७१ मध्ये १२. बरेच हल्ले निव्वळ घाबरवण्यासाठी होते, आणि तोवर मागच्या तळांवर ग्रेनेडचं वाटपही आवळलं गेलं होतं.

हत्यार बहुतेक वेळा ग्रेनेड. रायफलची गोळी कुठल्या नळीतून सुटली ते प्रयोगशाळेत कळतं, ग्रेनेडचं तसं नाही. शिवाय तो कुणाच्या नावावर दिलेला नसायचा, पेटीतून उचलला की झालं. धमकीच्याही पायऱ्या ठरलेल्या होत्या : आधी साहेबाच्या खोलीत धुराचा डबा, मग अश्रुधुराचा, तरी समज आली नाही तर खरा. कधी उशाशी नुसती पिन ठेवलेली सापडायची.

आता जुलमाबद्दल. सिनेमात असतं तसं, ऐन लढाईत कुणी मागून गोळी घातली, असे प्रकार थोडे. बहुतेक घटना मागच्या तळांवरच्या, रात्रीच्या, दारू किंवा गांजा पोटात असतानाच्या. बळींमध्ये कमिशन्ड अधिकाऱ्यांबरोबर सार्जंटही भरपूर. कारणं बघितली तर बराकीत गांजासाठी झडती घेतली, शिक्षा लावली, बदली अडवली, अशी. गोऱ्या-काळ्यांमधला तणाव होताच. ‘जुलमी होता, गेला’ हे ऐकायला बरं वाटतं, पण कित्येक बळी फक्त आपलं काम करत होते.

दुसरी बाजूही आहे. मे १९६९ मध्ये ‘हॅम्बर्गर हिल’ नावाने गाजलेल्या टेकडीवर पुन्हा पुन्हा चढाई करायला लावली, सत्तरहून अधिक अमेरिकन पडले आणि काही आठवड्यांत ती टेकडी सोडूनही दिली. त्यानंतर जवानांच्या एका चोरट्या पत्रकात तिथल्या कर्नलच्या जिवावर दहा हजार डॉलरचं बक्षीस लागलं. कर्नल जिवंत परतले. जवानाची मुदत बारा महिने, तर मोर्च्यावर कमांड करणारा अधिकारी साधारण सहा महिन्यांत बदलायचा. ज्याचं नाव पाठ होईतो तो जातो, त्या साहेबासाठी कोण जीव टाकणार?

खटलेही धड उभे राहत नसत. मार्च १९७१ मध्ये बिएन होआच्या तळावर दोन लेफ्टनंट झोपेत मारले गेले. आरोपीच्या खिशात सापडलेली ग्रेनेडची पिन हा मुख्य पुरावा होता. तो टिकला नाही आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये आरोपी खुनाच्या आरोपातून सुटला.

आपल्या भागात असं कधी घडलंय का?
— विद्यार्थिनी, संकेश्वर

घडलंय, कोल्हापुरात. ३१ जुलै १८५७ च्या रात्री तिथली २७ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री उठली. तिच्यात अवधकडच्या ‘परदेशी’ शिपायांचा भरणा होता. खजिना लुटला गेला. बहुतेक गोरे अधिकारी रेसिडेन्सीत पोचले, पण भर पावसात रानात शिरलेले तीन तरुण अधिकारी मारले गेले. बेळगावच्या छावणीत २९ वी आणि धारवाडला २८ वी पलटण होती आणि तिन्हींमध्ये पत्रव्यवहार चालू होता. तो पकडला गेल्याने बेळगावात तोफा वाजल्या त्या फक्त शिक्षेच्या. कोल्हापूरची पलटण ऑगस्टमध्ये कर्नल जेकबने निःशस्त्र केली. अर्थात हा राज्य उलथायचा उठाव होता. एका साहेबावरचा राग आणि हे एकाच तागडीत घालू नये.

कोत नीट सांभाळला तर जवानाच्या हातात बेहिशेबी गोळी येतेच कशी?
— निवृत्त हवालदार, येळ्ळूर

तुम्हाला कोत सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी : कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. प्रत्येक रायफलीला बट नंबर असतो, तो रजिस्टरवर जवानाच्या नावासमोर असतो, देताना-घेताना सही होते आणि मोजणी रोजची. फायरिंग झाली की प्रत्येक जण आपल्याकडे जिवंत राऊंड किंवा रिकामा खोका (उडालेल्या गोळीचं नळकांडं) नाही असं मोठ्याने सांगतो, आणि खोके मोजून जमा होतात.

गळती होते ती तीन जागी. पहिली रेंजवर : उडालेल्या राऊंडांचा हिशेब खोक्यांवरून न करता अंदाजाने लिहिला जातो. दुसरी गारद बदलताना : पहाटेच्या अंधारात मॅगझिन न उघडता ‘वीस आहेत’ म्हणून हातोहात दिली जाते. मॅगझिनमधला वरचा राऊंड दिसला म्हणजे खालचे एकोणीस आहेत असं नव्हे, ते काढूनच मोजावे लागतात. तिसरी कारवाईच्या इलाख्यात : तिथे जवान हत्यार उशाशी घेऊनच झोपतो आणि ते कोतात ठेवा म्हणणं शक्यच नसतं. अशा ठिकाणी कुलूप कामाचं नाही, कोण झोपत नाही, कोण जेवत नाही, घरचा फोन आल्यावर कोण गप्प झाला, याची खबर ठेवणारा सेक्शन कमांडर कामाचा. एखाद्याला काही दिवस बिनहत्यारी ड्यूटी लावायची ती इथेच. पण ती सगळ्यांसमोर जाहीर करून त्याची शोभा करू नये, त्याने आगीत तेलच पडतं.

जेवण आणि रजा यांवरून माणूस माणसाला मारतो, हे पटत नाही.
— दुकानदार, खानापूर

पटायला जड आहे, पण इतिहास भरलाय. जून १९०५, रशिया-जपान युद्ध चालू. काळ्या समुद्रातल्या ‘पोटेमकिन’ या रशियन युद्धनौकेवर अळ्या पडलेलं मांस आलं. जहाजाच्या डॉक्टरने ते बघून, धुतलं की चालेल असा निर्वाळा दिला. खलाशांनी त्याचं सार खायला नकार दिला. उपकप्तानाने सशस्त्र पहारा मागवला, डेकवर ताडपत्री आणवली, आणि आता आपल्यातल्या काहींना गोळ्या घालणार असा खलाशांनी अर्थ काढला. संध्याकाळपर्यंत कप्तानासह सात अधिकारी मेले होते. मांस हे निमित्त खरं, पण ठिणगी पडली ती ताडपत्रीने. तक्रार ऐकण्याऐवजी दहशत बसवायला गेलं की असं होतं.

याच्याही मागे जायचं तर इ. स. १४ मधलं पॅनोनियातलं रोमन सैन्याचं बंड बघा. ल्युसिलियस नावाचा सेंच्युरियन (तुकडीचा नायक) शिपायांच्या पाठीवर वेलीची छडी मोडेपर्यंत मारायचा आणि मोडली की ओरडायचा, ‘दुसरी आणा!’ शिपायांनी त्याचं तेच टोपणनाव पाडलं होतं. बंडात इतर सेंच्युरियन हाकलले गेले, हा मारला गेला. १७९७ मध्ये ब्रिटिश ‘हर्मायनी’ जहाजाचा कप्तान पिगॉट याने डोलकाठीवरून शेवटी उतरणाऱ्याला फटके मारीन म्हणून धमकावलं. घाईत तिघे खाली पडून मेले, तर म्हणाला, फेका समुद्रात. दुसऱ्या रात्री तो आणि त्याचे बहुतेक अधिकारी संपले.

रजेचं उदाहरण उलट्या बाजूने बघा. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सेनापती नीव्हेलची एप्रिल १९१७ ची चढाई फसल्यावर फ्रेंच सैन्याच्या जवळपास निम्म्या डिव्हिजनांत जवानांनी पुढे चाल करायला नकार दिला. इतकं मोठं बंड, पण अधिकाऱ्यांचे खून जवळपास नाहीतच. खंदक सोडणार नाही, पण आंधळा हल्लाही करणार नाही, एवढंच म्हणणं. नवा सेनापती पेतां याने काहींना गोळ्या घातल्या, पण त्याचबरोबर दर चार महिन्यांनी सात दिवसांची रजा पक्की केली, जेवण सुधारलं आणि वायफळ हल्ले थांबवले. सैन्य पुन्हा उभं राहिलं. आमच्या मते गोळ्यांपेक्षा रजेच्या तक्त्याचा वाटा त्यात मोठा होता.

भारतीय जवानाने असं केलं तर खटला कुठे चालतो? फाशी होते का?
— कायद्याचा विद्यार्थी, बेळगाव

मरणारा आणि मारणारा दोघेही आर्मी ॲक्टखाली येत असतील तर कलम ६९ नुसार खुनाचा खटला कोर्ट मार्शलपुढे चालू शकतो आणि शिक्षा सर्वसाधारण फौजदारी कायद्यातलीच, म्हणजे फाशी किंवा जन्मठेप. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात आणि फाशीसाठी त्यांच्यातल्या दोन तृतीयांशांची सहमती लागते. समरी जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान तीन, आणि फाशीसाठी तिघांचंही एकमत. दाद सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे, हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने आलं.

खून न होता नुसता हात उगारला किंवा धमकी दिली तर कलम ४०. ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (मोहिमेवर) असताना किंवा तो अधिकारी आपली ड्यूटी करत असताना १४ वर्षांपर्यंत, एरवी १० वर्षांपर्यंत कैद. कलम ३७ म्हणजे बंड, आणि यात एक गोष्ट तरुण पोरांना कुणी सांगत नाही. कट माहीत असून वरिष्ठांना न कळवणं हाही याच कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्यालाही मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. ‘मी काही केलं नाही, फक्त ऐकलं’ हा बचाव होत नाही.

घरच्यांवर येणारं ओझं वेगळंच. बडतर्फ झालेल्याची पेन्शन सर्वसाधारण नियमाने जाते, मग नोकरी कितीही वर्षांची असो.

धाकटा भाऊ सरहद्दीवर आहे. रजा नामंजूर झाल्यापासून फोनवर ‘साहेबाला एक दिवस दाखवतोच’ म्हणतो. इकडे चुलत्यांशी जमिनीचा दावा चालू आहे. कुणाला सांगू? त्याची नोकरी जाईल का?
— एक बहीण, कडोली

ताई, आधी त्याचं बोलणं नीट ऐका. रागात माणूस बरंच बोलतो. पण नाव, जागा किंवा वेळ घेऊन बोलत असेल, झोप लागत नाही म्हणत असेल, घरच्यांना पैशांचं, कागदांचं सांगून ‘आता तुम्ही बघा’ म्हणत असेल, तर सकाळची वाट बघू नका. त्याच्या कंपनीच्या सुभेदार साहेबांना फोन करा. नंबर नसेल तर त्याच्या बडीला (जोडीदार जवानाला) किंवा पलटणीतल्या आपल्या गावच्या माणसाला गाठा आणि निरोप सुभेदारांपर्यंत गेला का ते पुन्हा विचारा. ‘माझा भाऊ बरा नाही, त्याच्याजवळचं हत्यार काढून घ्या,’ एवढं स्पष्ट बोला. आडवळणाने सांगितलेलं कुणाच्या लक्षात येत नाही.

नोकरीचं : बोलला म्हणून कुणी लगेच काढत नाही. कमांडिंग ऑफिसर एएफएमएसएफ-१० या फॉर्मवर अहवाल देतो आणि लष्करी मानसोपचारतज्ज्ञ तपासतात. काही काळ मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची श्रेणी) उतरू शकते, बढतीवर परिणाम होऊ शकतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण उपचारानंतर कॅटेगरी परत चढतेही. तो रजेवर घरी आला तर कॅम्पातल्या मिलिटरी हॉस्पिटलात घेऊन जा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि तिथे सैन्यासाठी वेगळी सोय आहे.

रजेची तक्रार करायची वाट त्याला माहीत असेल, तरी आठवण करून द्या : अर्जी रिपोर्ट (साहेबापुढे उभं राहून मांडलेली विनंती), दरबार (कमांडिंग ऑफिसरची जवानांसोबतची बैठक), आणि तिथे दाद नाही मिळाली तर आर्मी ॲक्टच्या कलम २६ खाली लेखी तक्रार. तक्रार कमांडिंग ऑफिसरविरुद्ध असेल तर ती त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. सालाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल रजा असते, पण ती कधी द्यायची हे पलटणीची गरज बघून ठरतं, एवढं त्यालाही मान्य करावं लागेल.

आणि जमिनीचा दावा आजच हातात घ्या, मूळ दुखणं बहुधा तेच आहे. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५ हा कायदा अजून लागू आहे. युद्धस्थितीत किंवा विशेष परिस्थितीत नोकरीवर असलेल्या जवानाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध दावा पुढे रेटता येत नाही. पलटणीकडून प्रमाणपत्र मागवा, ते वकिलामार्फत कोर्टात दाखल करा आणि एक प्रत डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला द्या. सोबत जमिनीचा चालू उतारा जोडा. तारीख पुढे गेल्याचा कागद व्हॉट्सॲपवर त्याला त्याच दिवशी पाठवा, ‘सगळं ठीक होईल’ या बोलण्याने त्याला झोप लागणार नाही.

बेकायदा हुकूम मानला नाही तर तेही बंडच का?
— माजी सैनिक, उचगाव

नाही. कलम ४१ ‘कायदेशीर हुकूम’ मोडण्याबद्दल आहे. नि:शस्त्र माणसावर गोळी घाल असा हुकूम नाकारता येतो. मात्र नाकारायचं एकट्याने आणि तोंडावर, नंतर लगेच लेखी द्यायचं. चार जणांना गोळा करून एकदम नाकारलं, तर हुकूम चुकीचा होता हे सिद्ध होईपर्यंत कलम ३७ डोक्यावर टांगलेलं राहतं.